मुलीला दाखला देऊन शाळेची जबाबदारी संपत नाही

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातील मजकूर थोडक्यात देते. ओळख पटेल असे सर्व तपशील गाळले आहेत. आपण तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आहात आणि शाळेचा पट सहाशेच्या पुढे आहे. नववीतील एका मुलीने स्वतःला इजा करून घेतल्याचे तिच्या वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले आणि त्या मुलीने बाईंवर विश्वास ठेवून थोडेफार सांगितलेही. ही गोष्ट संस्थेच्या सचिवांच्या कानावर गेल्यावर त्यांनी पालकांना बोलावून ‘पुढे काही घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र लिहून घ्यायला आणि वर्ष संपताच मुलीचा दाखला काढून द्यायला सांगितले. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार शाळेचे मानसिक आरोग्य धोरण तयार करण्याबाबतचे पत्रही आपल्या टेबलावर येऊन पडले. हमीपत्र घ्यावे का, धोरणात काय लिहावे आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या पदांत, समुपदेशकाचे पदच नसताना ते पाळावे कसे, हे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. हमीपत्र घेऊ नका आणि दाखल्याचा विषय सचिवांपाशीच थांबवा. त्या मुलीने आपल्या शाळेतील एका मोठ्या माणसाजवळ तोंड उघडले, ही या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बोलल्याचे फळ म्हणून आईवडिलांना कार्यालयात उभे करून सही घेतली जाते आणि नंतर शाळाही सुटते, हे तिच्या वर्गातील मुलींना आठवडाभरात कळेल, कारण शाळेत अशी गोष्ट झाकून राहत नाही. त्यानंतर आणखी एखादीच्या मनात असेच काही चालले असेल, तर ती कोणाजवळही बोलणार नाही. शिवाय हमीपत्राने कायद्याने आलेली जबाबदारी टळते असे मानण्याला कोणताही आधार नाही; उलट शाळेला धोका माहीत होता आणि तिने काळजी घेण्याऐवजी सह्या घेतल्या, याचा तो लेखी पुरावा ठरेल. सचिवांना हा मुद्दा शांतपणे समजावून सांगा, त्यांना तो पटण्यासारखा आहे.

दाखल्याबाबत एक कायदेशीर बाब मात्र आपणास ठाऊक असायला हवी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आपली विद्यार्थिनी नववीत आहे, त्यामुळे त्या कलमाचे छत्र तिच्यावर नाही. तिची शाळा टिकणे बऱ्याच अंशी आपल्या भूमिकेवर अवलंबून आहे, म्हणून या मुद्द्यावर आपण तडजोड करू नये, असे मला मनापासून वाटते.

सचिवांना पोलिसांची भीती वाटत असेल तर तीही दूर करावी. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ मध्ये म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने कलम ३०९ नव्या संहितेत आलेच नाही. आपल्या या विद्यार्थिनीच्या बाबतीत तर मरण्याचा हेतू होता की नाही, हेही अद्याप कोणी नीट विचारलेले दिसत नाही. स्वतःला इजा करून घेणारी अनेक मुले असह्य झालेली भावना क्षणभर आवरण्यासाठी तसे करतात, त्यांना मरायचे नसते. मात्र अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, त्यामुळे ‘लक्ष वेधून घेण्यासाठी करते’ हे शिक्षक-खोलीत उच्चारले जाणारे वाक्य चुकीचे तर आहेच, शिवाय घातकही आहे.

हा प्रश्न विचारावा कसा, हे वर्गशिक्षिकेला सांगणे आवश्यक आहे, कारण आपण लिहिता की ‘विषय काढला तर तिच्या डोक्यात नको ते भरेल’ या भीतीने त्या गप्प राहिल्या. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. उलट कोणीतरी विचारले याने बहुतेकांना हलके वाटते. दार लोटलेले पण कडी न लावलेले, बाहेर दुसऱ्या बाई दिसतील इतक्या अंतरावर आणि तासाची घंटा मध्ये येणार नाही अशा वेळी त्यांनी तिच्याशेजारी बसावे आणि साध्या शब्दांत विचारावे, “खूप त्रास होतो तेव्हा जगूच नये असे वाटते का गं?” उत्तर ‘हो’ आले तर दचकू नये, उपदेश करू नये, आईवडिलांच्या कष्टांची आठवण करून देऊ नये. कधीपासून वाटते, आजही वाटते आहे का, काही ठरवले आहे का, हे विचारावे. ठरवले असल्याचे तिने सांगितले तर तिला एक क्षणही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी, शाळा सुटण्याची वाट न पाहता, पालकांसह रुग्णालयात न्यावे. जखमा पाहण्यासाठी सर्वांदेखत बाही वर करायला लावणे, दप्तर तपासणे, ‘पुन्हा करणार नाही’ अशी शपथ घ्यायला लावणे, हे तीनही प्रकार टाळावेत. जखमेला मलमपट्टीची गरज असेल तर ती आडोशाला आणि फार न बोलता करावी.

‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र बाईंनी देऊ नये. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावेच लागते. परंतु काय सांगायचे, आईला आधी की वडिलांना, आणि ती स्वतः समोर असेल की नसेल, हे तिच्याशी बोलून ठरवावे. त्रासाचे मूळ घरातच असल्याचे तिच्या बोलण्यातून जाणवले, तर पालकांना बोलावण्याआधी १०९८ या बाल मदतवाहिनीशी संपर्क साधावा. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आला तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे संस्थेच्या परवानगीची वाट पाहता येत नाही.

आता धोरणाकडे वळते. आपल्याकडे आलेल्या पत्रामागे २५ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य’ हा निकाल आहे. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्यात १५ निर्देश दिले. या विषयावर कायदा किंवा नियम होईपर्यंत ते देशभरातील शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे, प्रशिक्षण संस्था आणि खासगी शिकवण्यांना बंधनकारक आहेत. शाळांनी आपले धोरण कशाच्या आधारे बनवावे हेही न्यायालयाने सांगितले आहे: शिक्षण मंत्रालयाचा २०२३ मधील ‘उम्मीद’ हा मार्गदर्शक मसुदा, त्याच मंत्रालयाचा २०२० पासूनचा ‘मनोदर्पण’ उपक्रम आणि आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण. या शेवटच्या धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्येमुळे होणारे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि सर्व शिक्षणसंस्थांत मानसिक आरोग्याचा अभ्यासक्रम आणण्यासाठी आठ वर्षांची मुदत घेतली आहे. आपल्या आजच्या नववीतल्या मुली तोवर शाळेतून कधीच्या बाहेर पडलेल्या असतील, म्हणून अभ्यासक्रमाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

समुपदेशकाच्या पदाविषयी आपली अडचण खरी आहे, पण निर्देशाचे शब्द नीट वाचले तर थोडी वाट सापडते. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा ‘किंवा त्याची सेवा घ्यावी’, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे पूर्णवेळ मंजूर पद हाच एक मार्ग नाही. संस्थेच्या निधीतून आठवड्यातील ठरावीक दिवशी येणारी प्रशिक्षित व्यक्ती चालू शकते, किंवा आपल्याच संस्थेच्या दोन-तीन शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय मिळून एक जण ठेवू शकतात. पदाची मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करत राहावी, तिची पोच जपून ठेवावी आणि ही सोय मात्र तोपर्यंत सुरू करावी. एक गोष्ट करू नका: ज्यांचे तास कमी आहेत अशा शिक्षकांच्या नावापुढे ‘समुपदेशक’ लिहून कागद पूर्ण करू नका. ज्यांनी कधी शिक्षण घेतले नाही त्यांच्यावर हा भार टाकणे त्या शिक्षकांवर आणि मुलांवरही अन्याय करणारे आहे.

तोवर मुलांना पाठवायचे कोठे? जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर तपासणीसाठी शाळेत येतात, त्यांनाही या कामात सामील करून घेता येते. आपण स्वतः एकदा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे, वैद्यकीय अधीक्षकांना भेटावे, मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी असतो आणि त्या दिवसाखेरीज तातडीची वेळ आली तर कोणाला फोन करायचा, हे नावानिशी लिहून आणावे. धोरणाच्या कागदातील हे अर्धे पान बाकी सगळ्या पानांपेक्षा अधिक कामाचे ठरेल, कारण प्रसंग ओढवतो तेव्हा कोणी तत्त्वे वाचत बसत नाही, फोन क्रमांक शोधतो.

‘टेलि-मानस’चा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावणे हाही न्यायालयाचा निर्देश आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. फलक कोठे लावायचा याचा मात्र विचार करा. कार्यालयाच्या भिंतीवर, शिपाईमामांच्या टेबलामागे लावलेला क्रमांक कोणतीही मुलगी वहीत उतरवून घेणार नाही, कारण उतरवताना तिला दहा जण पाहतील. तो वर्गात तर हवाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही हवा. आणि बहुसंख्य मुलांकडे स्वतःचा फोन नसतो हे लक्षात घेऊन, कारण न विचारता एक फोन करू देणारी शाळेत एक तरी जागा असावी. आपल्याकडे वाचनालयाची खोली असेल तर ती योग्य ठरेल.

वर्षातून किमान दोनदा शिक्षक आणि शिक्षकेतर अशा दोन्ही कर्मचाऱ्यांना प्रमाणित तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यावे, असा आणखी एक निर्देश आहे. यातील ‘शिक्षकेतर’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. मधल्या सुट्टीत रोज एकटी बसणारी मुलगी, डबा न खाता परत नेणारा मुलगा, परीक्षेच्या दिवशी फाटकापाशी रेंगाळणारी पोरे हे सारे सेविका मावशींना आणि शिपाईमामांना आपल्या आधी दिसते. आजवर त्यांना कोणी हे विचारले नाही, इतकेच. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांना चहाच्या व्यवस्थेला न लावता पहिल्या रांगेत बसवावे.

पण केवळ प्रशिक्षणावर विसंबू नये, असेही मी सुचवेन. युरोपातील १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये, ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत मुलांनीच वर्गात बसून ताण, निराशा आणि मदत मागणे यांवर चर्चा केली, छोटे प्रसंग करून पाहिले, तेथे वर्षभरानंतर आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या शाळांच्या निम्म्याच्या आसपास आले. केवळ शिक्षकांना प्रशिक्षण दिलेल्या शाळांत असा ठळक फरक दिसला नाही. हाच कार्यक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात नववीच्या मुलांसाठी राबवण्यात आला, म्हणजे तो आपल्याकडच्या ग्रामीण शाळांना अगदी परका नाही. आपल्या धोरणात आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीसाठी अशा काही तासिका वेळापत्रकात लिहून टाका. हा विषय मात्र सकाळच्या परिपाठात ध्वनिक्षेपकावरून भाषण देऊन हाताळू नका. आत्ता तर नकोच, कारण त्या मुलीला ते आपल्यावरच आहे असे वाटेल.

आता ज्या निर्देशाला शाळा सर्वाधिक विरोध करतील त्याविषयी. गुणांनुसार विद्यार्थ्यांचे वेगळे गट पाडणे, त्यांना सर्वांदेखत लज्जित करणे आणि कुवतीबाहेरची उद्दिष्टे त्यांच्यावर लादणे शक्यतो टाळावे, असे न्यायालय म्हणते. आपल्याकडे ‘अ’ तुकडी हुशारांची आणि ‘ड’ तुकडी उरलेल्यांची, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. ‘ड’ तुकडीतील मुलाला तो कोण आहे हे पाचवीपासून रोज हजेरीच्या वेळी ऐकवले जाते. उत्तरपत्रिका वाटताना गुण मोठ्याने वाचणे, नापासांना उभे करणे, फी थकलेल्यांची नावे वर्गात घेणे, ही त्याचीच भावंडे. जूनपासून तुकड्या मिसळून पाडण्याचा निर्णय मुख्याध्यापक म्हणून आपण घेऊ शकता आणि त्यासाठी कोणत्याही पदाची मंजुरी लागत नाही. पालक तक्रार करतील. न्यायालयाचा निर्देश दाखवावा आणि ठाम राहावे. समुपदेशक आणून वर्गातला हा अपमान तसाच चालू ठेवायचा असेल, तर त्या धोरणाला काही अर्थ राहणार नाही.

दहावीच्या निकालाचा आठवडा धोरणात स्वतंत्रपणे लिहावा. न्यायालयाने निकालपत्रात उद्धृत केलेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले आणि त्यांपैकी २,२४८ मृत्यूंची नोंद परीक्षेतील अपयशाशी जोडलेली आहे. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते, म्हणून अशा नोंदी जपून वाचायला हव्यात. तरीही निकालाचा दिवस धोक्याचा असतो, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला अनुभवाने ठाऊक आहे. महाराष्ट्रात दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून त्याच वर्षी जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो. ही माहिती निकालानंतर सांगून उपयोग नाही, ती मार्चमध्ये, शेवटच्या पेपरच्या आधी, मुलांना आणि पालकसभेत पालकांना सांगितलेली असावी. निकालाच्या दिवशी टक्केवारीचा फलक रंगवण्याआधी अनुत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी वर्गशिक्षकांचा फोन गेला पाहिजे, किंवा गाव जवळ असेल तर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन आले पाहिजे.

सचिवांसाठी निकालातील आणखी एक भाग बाजूला काढून ठेवा. लैंगिक छळ, रॅगिंग किंवा जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म अशा कारणांवरून होणाऱ्या त्रासाच्या तक्रारींसाठी गोपनीय व्यवस्था असावी, तक्रारदाराचा सूड घेतला जाऊ नये, आणि वेळेत कृती न केल्यामुळे विद्यार्थ्याने स्वतःला इजा केली किंवा आत्महत्या केली तर तो संस्थेचा दोष मानला जाईल, असे त्यात म्हटले आहे. शाळेच्या नावाची काळजी असलेल्या माणसाला हे वाचायला दिले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी असलेली आपल्या शाळेतील सखी सावित्री समिती केवळ नामफलकापुरती आहे की तिची बैठक खरोखर होते, हेही या निमित्ताने पाहावे.

आपल्या वर्गशिक्षिकेविषयी आपण शेवटी एकच ओळ लिहिली आहे, की त्या रात्री झोपत नाहीत. त्यांनी योग्य तेच केले, हे आपण त्यांना एकांतात आणि स्पष्ट शब्दांत सांगा. मुलीची पूर्ण जबाबदारी त्यांच्या एकट्यांवर ठेवू नका. दुसऱ्या एका शिक्षिकेला सोबत द्या, आणि त्यांना स्वतःला बोलावेसे वाटले तर १४४१६ हा क्रमांक शिक्षकांसाठीही आहे. मुलगी वर्गात असेल तेव्हा तिच्याशी इतरांप्रमाणेच वागावे. बाक बदलू नये, खेळाच्या तासाला बसवून ठेवू नये, स्नेहसंमेलनातून नाव काढू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, “कशी आहेस?” इतके विचारणारे एक माणूस तिला कळावे आणि ते माणूस वर्ष संपेपर्यंत बदलू नये.

राहता राहिला न्यायालयाने सांगितलेला अहवाल. किती विद्यार्थ्यांना मदत दिली, कितींना पुढे पाठवले, किती प्रशिक्षणे झाली, याची नोंद नावाशिवाय ठेवून वार्षिक अहवाल शिक्षण विभागाला द्यायचा आहे. नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे लहान गावात होत नाही. ‘नववी क, मुलगी, एक’ एवढे लिहिले तरी कारकुनापासून केंद्रप्रमुखापर्यंत सर्वांना कळेल. म्हणून इयत्ता, तुकडी, महिना यांपैकी काहीही न लिहिता संपूर्ण शाळेची मिळून एकच संख्या द्यावी. बाईंनी घेतलेली टिपणे हजेरीपत्रकाजवळ किंवा शाळेच्या संगणकावर न ठेवता आपल्या कुलूपबंद कपाटात ठेवावीत. तिच्या दाखल्यावर आणि प्रगतिपुस्तकावर या घटनेचा कोणताही उल्लेख, ‘वर्तणूक’ या रकान्यातसुद्धा, येता कामा नये. तो रकाना भरणाऱ्या लिपिकाला हे आजच सांगून ठेवा.

आपली,
सदर-लेखिका